सासूबाईंची साक्ष

आदल्या दिवशी विशेष काही घडलं नाही. तो दिवस मी नंतर इतक्यांदा उलटून पाहिला आहे, की काही घडलं असतं तर सापडलं असतं.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. शाळेतून सायकलवर परत येताना नदीवरचा वारा समोरून होता, म्हणून मी फोरस्ट्राटच्या तोंडाशी उतरले आणि सायकल हातात धरून चालत आले. डॉर्ड्रेख्ट या डच गावाच्या जुन्या भागातला हा रस्ता लांबलचक आणि अरुंद. दोन्ही बाजूंची घरं खांद्याला खांदा लावून उभी, आणि नीट पाहिलं तर सगळीच थोडी थोडी झुकलेली. आमचं घर एका बोळाच्या कोपऱ्यावर होतं. खाली कोर नावाच्या माणसाचं चीजचं दुकान, त्याच्यावरचे दोन मजले आमचे, भाड्याचे. भाडेकरार आईच्या नावावर.

दार उघडलं, की जिन्यातूनच आवाज ऐकू यायचा. थप थप थप, मग एक अगदी छोटा विराम, भाकरी फिरवल्याचा, आणि पुन्हा थप थप थप.

"आलीस होय?" आई वरूनच म्हणाली. "पाय नीट पूस. सासूबाई ओरडतील."

सासूबाई म्हणजे जिन्याखालची राखाडी पेटी. घर भाड्यानं देणाऱ्या गृहसंस्थेची माणसं ती बसवून गेली त्याच दिवशी आईनं तिचं बारसं केलं होतं. "घरातल्या प्रत्येक पावलावर जिचा कान असतो ती सासूच," ती म्हणाली होती. "कोल्हापुरातल्या खऱ्या सासूबाईंच्या तावडीतून सुटले, तर ही इथं येऊन बसली."

मी हात धुऊन टेबलाशी बसले आणि पुस्तक उघडलं. आई ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून. पिठलं होतं, ठेचा होता, आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती.

"पुस्तक मीट आणि जेव की गरम गरम."

"हं."

"कशी झालीय? इथल्या चुलीला जाळच नाही, भाकरी फुगायची कशी? फडक्यानं दाबून दाबून फुगवावी लागते. नुसती काच तापते, म्हणे स्वयंपाक झाला."

"छान झालीय."

"घर बघितलंस का कुठं?"

"बघतेय."

"बघतेय, बघतेय. बघता बघता माझ्याएवढी होशील. तुमच्या शाळेतल्या त्या गणिताच्या मास्तराला मिळालं म्हणालीस की."

"त्याला ब्रेडाला मिळालं."

"मग ब्रेडा काय चंद्रावर आहे? माझ्यापायी अडकून राहू नकोस गं केतकी."

"अडकले नाही, आई. गावात भाड्याला घरं नाहीत."

"ते मात्र खरं," आई म्हणाली, आणि पुढचा गोळा हातात घेतला. "अजून एक टाकू?"

"टाक."

मी जेवून उठले, ताट धुतलं, वरच्या मजल्यावर वह्या तपासायला गेले. मग ती जेवायला बसली असणार. आमच्या घरी ती नेहमी मागूनच जेवायची, ओट्याजवळच्या बुटक्या स्टुलावर, ताट मांडीवर घेऊन. बाबा होते तेव्हाही तसंच, आणि कोल्हापुरात तिची आईही तशीच जेवायची. यात पाहण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत मुलांना पाण्याच्या लाटा दाखवत असताना आई ओट्यापाशी कोसळली. सासूबाईंना ते तत्काळ कळलं. पेटीनं रुग्णवाहिका बोलावली, खालचं कुलूप आपोआप उघडलं, आणि मी पोचेपर्यंत सगळं संपून दोन अनोळखी माणसं माझी वाट पाहत जिन्यात उभी होती. त्यांच्यातली एक बाई मला म्हणाली, "ती फार वेळ एकटी नव्हती. घरानं लगेच कळवलं."

तिनं धीर द्यायला म्हणून सांगितलं. मीही तसंच घेतलं.

*

ही पेटी घरात का आली, ते सांगायला हवं.

या गावातली जुनी घरं जमिनीवर उभी नाहीत. खालचा चिखल इतका मऊ, की जुन्या लोकांनी सूचिपर्णी झाडांचे लांब खांब त्यात ठोकले आणि त्यांच्या डोक्यांवर भिंती चढवल्या. लाकूड पूर्ण पाण्याखाली असलं तर शतकानुशतकं टिकतं, कारण त्याला कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. पण लागोपाठ कोरडे उन्हाळे आले, जमिनीखालचं पाणी उतरलं, आणि खांबांची डोकी उघडी पडली. बुरशीला हवा मिळाली. घरं एकेका बाजूनं खचू लागली.

कुठलं घर कधी खचेल हे कळण्यासाठी गृहसंस्थांनी घरांच्या पायामध्ये, भिंतींत आणि जमिनीखाली केसासारखी बारीक काचेची तार घातली. तारेत प्रकाशाचा एक ठोका सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म खोट असतेच, आणि त्या प्रत्येक खोटीवरून थोडा प्रकाश मागे परततो. तार कुठं रेसभर ताणली गेली, तर तिथून परतणाऱ्या प्रकाशाची लाट जराशी सरकते. परतायला किती वेळ लागला त्यावरून जागा कळते, किती सरकली त्यावरून ताण. म्हणजे एकच तार, पण तिच्या प्रत्येक वितीला एक कान. मी हे मुलांना शिकवते तेव्हा त्यांना फार आवडतं.

घर खचणं ही अतिशय संथ गोष्ट. ती ऐकायची तर वरचा गोंगाट वजा करावा लागतो: पावलं, खुर्च्या, दारं, कपडे धुण्याचं यंत्र. वजा करण्यासाठी तो आधी ओळखावा लागतो. म्हणून तारेचं टोक जिथं येतं त्या पेटीला शिकवलं गेलं की हे माणसाचं पाऊल, हे यंत्र, ही व्यक्ती पहिली, ही दुसरी. आणि मग, जसं नेहमी होतं, टाकाऊ म्हणून बाजूला काढलेल्या ढिगाऱ्यातच जास्त मोलाचं काही आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं. म्हातारं माणूस पडलं तर पेटीला कळतं. घर परस्पर दुसऱ्याला भाड्यानं दिलं तर कळतं. शब्द तिला समजत नाहीत, कायद्यानं समजूही दिले जात नाहीत. तिला फक्त हालचाल समजते. ज्या देशात एका घरामागे शंभर माणसं रांगेत आहेत, तिथं त्या घरात खरोखर कोण राहतं हे सांगणारी भिंत कुणाला नको असेल? दोन-तीन वर्षांत भाड्याच्या तंट्यांत घराची साक्ष धरली जाऊ लागली. तेव्हा मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, आणि मला ते बरोबरच वाटलं होतं.

*

गृहसंस्थेच्या तॉनेके बाई एप्रिलमध्ये आल्या. फुलं घेऊन आल्या. कॉफी मीच केली. त्यांनी एक बिस्किट घेतलं, आईच्या फोटोकडे पाहून "किती प्रेमळ चेहरा," म्हणाल्या, आणि मग कामाचं बोलल्या.

करार आईच्या नावावर होता, आणि तो तिच्याबरोबर संपला. आईबापांजवळ राहणाऱ्या मोठ्या मुलाला करार पुढे चालवता येतो, पण एका अटीवर: दोघांचं घर खरोखर एक असायला हवं. नुसतं एका छपराखाली राहणं नव्हे. संसार सामायिक हवा, आणि तो कायमचा असावा असा इरादा हवा. कारण मुलं मोठी झाली की घर सोडतात, असं कायदा धरून चालतो.

"आमचं घर एकच होतं," मी म्हणाले.

"अर्थात. आम्ही घराला विचारू. बहुतेक वेळा त्यानं लोकांचं कामच सोपं होतं." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुम्हाला कठोर वाटेल, पण माझ्या यादीत एक बाई आहे, दोन मुलांसकट कॅम्पिंगच्या तंबूत राहते. मला तिच्याही डोळ्यांत बघावं लागतं."

मला त्या कठोर वाटल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं.

घराचं म्हणणं मे महिन्यात आलं. ते मी उभ्यानंच वाचलं. व्यक्ती पहिली, म्हणजे आई. व्यक्ती दुसरी, म्हणजे मी. दोघींचे दिनक्रम विभक्त. संध्याकाळी टेबलाशी व्यक्ती दुसरी एकटीच बसते. त्या वेळात स्वयंपाकघरात एक यंत्र चालू असतं, ओट्याला जोडलेलं, ठरावीक लयीचं, रोज साधारण सारख्याच मुदतीचं. यंत्र बंद झाल्यावर व्यक्ती दुसरी वर जाते. त्यानंतर व्यक्ती पहिली स्वयंपाकघरात दिसू लागते आणि एकटीच जेवते. दोघी एकत्र जेवल्याची नोंद जवळपास नाही.

मी खाली बसले. यंत्र. आमच्या ओट्याला कुठलंच यंत्र जोडलेलं नव्हतं.

मग कळलं.

*

पेटीची देखभाल करायला वाउटर नावाचा तंत्रज्ञ यायचा. उंच, सदा सर्दी झालेला, बोलताना स्वतःचीच माफी मागणारा माणूस. आई त्याला आल्याचा चहा पाजायची, आणि तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत प्यायचा. मी त्याला बोलावलं आणि मोबाइलवरचं एक जुनं चित्रण दाखवलं. आई भाकरी थापत होती. मी ते मावशीला पाठवायला म्हणून घेतलं होतं. जेमतेम अर्धी भाकरी, मग आई कॅमेऱ्याकडे बघून "बंद कर ते, माझा अवतार बघ," म्हणते.

वाउटरनं पेटीतला आलेख उघडून त्याच्याशेजारी धरला. बोटानं ठोके जुळवत तो शेवटपर्यंत गेला.

"ही तुझी आई आहे," तो शेवटी म्हणाला. "वर्षानुवर्षं. आम्ही हिला वजा करत होतो."

"मग ते दुरुस्त कर."

"हे चित्रण फार छोटं आहे. आणि पेटीला चित्र कळत नाही." त्यानं नाक पुसलं. "तिला शिकवलंय इथल्या स्वयंपाकघरांवर. तिथं सहा वाजता सगळे एकदम टेबलाशी बसतात, बटाटे मध्ये ठेवतात. उभं राहून एका जागी न हलता इतका वेळ ठोके देत राहणारी वस्तू म्हणजे तिच्या मते यंत्रच. हा प्रकार माणूसही करू शकतो, हे तिला दाखवायला हवं. याच ओट्यावर, याच घरात राहणाऱ्या माणसानं."

"म्हणजे मी."

"येतं तुला?"

मला येत नव्हतं. मी हो म्हणाले.

हेगच्या एका सुरिनामी-हिंदुस्थानी दुकानातून आई ज्वारीचं पीठ आणायची. ते अर्धा डबा शिल्लक होतं. शनिवारी मी काठवट काढली, फोन डब्याला टेकवून उभा केला. कोल्हापुरातून शालिनीमावशी, आईची धाकटी बहीण, चष्मा पुशीत आत डोकावली. वाउटर आदबीनं जिन्यात जाऊन बसला.

"तो लांबडा कोण?"

"पेटीवाला. मावशी, लवकर सांग."

"पाणी आधणाचं घे. कोमट नव्हे, चटका बसला पाहिजे. आता मळ. अगं, पीठ आहे ते, मांजर नव्हे, कुरवाळतेस काय! तळहाताची टाच लाव."

मी टाच लावली.

"जन्मभर आयती खाल्लीस, आता कुठनं वळणार हात? ताईला म्हणायचे मी, पोरीला शिकव. तर म्हणायची, तिला पुस्तकं वाचू दे, माझे हात आहेत तोवर आहेत." मावशीनं पुन्हा चष्मा पुसला. मग बारीक आवाजात म्हणाली, "थाप, बाळा. थाप. फिरव आणि थाप."

मी थापली. कडेनं चिरली. गोळा पुन्हा केला, पुन्हा थापली. एकीकडे जाड, एकीकडे हाताला चिकटली. तव्यावर टाकताना दुमडली. मी दुसरी केली, तिसरी केली. मावशी सांगत राहिली, मध्येच रडत राहिली, मध्येच मला शिव्या देत राहिली. डबा संपला तेव्हा माझ्यापुढे करपलेल्या तुकड्यांचा ढीग होता, आणि खांदे दुखत होते. आई हे रोज करत होती आणि तेव्हाच माझ्याशी गप्पाही मारत होती.

"झालं का सिद्ध?" मावशीनं विचारलं.

वाउटर जिन्यातून आत आला. त्याचा चेहरा मला आवडला नाही.

त्यानं दोन आलेख दाखवले. एक माझा: ठोके कधी जवळ, कधी दूर, कधी जोरात, कधी बुळे. पेटीनं मला तत्काळ ओळखलं होतं. व्यक्ती दुसरी, हातानं करायचं काम. दुसरा आईचा: एकसारखा, जणू कुणी पट्टीनं आखलेला.

"पेटीचं म्हणणं," वाउटर म्हणाला, "आता तिला माहीत झालंय, की हे काम माणूस करतो तेव्हा कसं दिसतं. असं दिसतं." त्यानं माझ्या आलेखावर बोट ठेवलं. "म्हणून ते दुसरं यंत्रच. आधी तिला थोडी शंका होती. आता नाही."

"पुसून टाक हे. आपण हे केलंच नाही."

"चाचणी झाली की ती आपोआप भाडे-लवादाकडे जाते, तुझ्या दाव्याच्या कागदांत." त्यानं टोपी हातात घेऊन चुरगाळली. "केतकी, मला वाटलं होतं की..."

"काय म्हणतोय गं तो?" मावशी फोनमधून विचारत होती.

"म्हणतोय, आई फार छान थापायची," मी मराठीत म्हणाले.

*

भाडे-लवादाची खोली नदीकाठच्या नव्या इमारतीत होती. मोठ्या खिडकीतून मालवाहू नौका जाताना दिसत होत्या. समोर एकच न्यायाधीश, माझ्याच वयाची बाई, बारीक कापलेले केस, समजूतदार डोळे. मला अशीच कुणी हवी होती. वाटलं, हिला सांगितलं तर कळेल.

आधी कोर बोलला. मीच त्याला साक्षीला बोलावलं होतं. त्यानं कोट घातला होता आणि तो मनापासून मदत करत होता. "फार चांगल्या बायका," तो म्हणाला. "कधी भांडण नाही, आरडाओरडा नाही. संध्याकाळी दुकान धुताना वरून फक्त ते शिवणयंत्र ऐकू यायचं. त्याचीसुद्धा कधी तक्रार केली नाही मी."

माझ्याकडे पाहून तो हसला. मीही मान हलवली.

मग मी सांगितलं. भाकरी काय असते, ती तव्यावरून ताटात का यावी लागते, आई का उभी असायची. न्यायाधीशबाईंनी मध्ये तोडलं नाही.

"म्हणजे तुम्ही जेवत असताना तुमची आई तुमच्यासाठी उभी असायची."

"हो."

"रोज?"

"हो."

"वयाच्या बहात्तराव्या वर्षी."

"हो."

"आणि नंतर ती एकटी जेवायची. तुम्ही तेव्हा कुठं असायचात?"

"वर. कामं असायची."

त्यांनी काही लिहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर दोष नव्हता, फक्त एक प्रामाणिक गोंधळ होता. "मला समजून घ्यायचंय. हे तुम्ही एकत्र जेवण म्हणता?"

मी पुष्कळ वाचलेली बाई आहे. तीन भाषांत वाचते. आमच्या त्या जेवणाला मात्र तिन्ही भाषांत शब्द नव्हता. शेवटी मी म्हणाले, "त्याच ओट्यापाशी ती पडली तेव्हा तुमच्या पेटीला ती माणूस वाटली. रुग्णवाहिका यंत्रासाठी येत नाही."

गृहसंस्थेचा वकील हळू आवाजात म्हणाला, की पडण्याची कंपनं वेगळी असतात. तो उद्धट नव्हता. त्याचं खरंही होतं.

"एकच प्रश्न राहिला," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "कायमच्या इराद्याचा. हे घर तुमचं दोघींचं कायमचं घर आहे, असं तुमच्या दोघींत कधी बोलणं झालं होतं?"

"आई विचारायची."

"काय?"

"दुसरं घर बघितलंस का."

"आणि तुम्ही?"

बाहेर एक रिकामी नौका चालली होती, पाण्यावर उंच तरंगत. मी खोटं बोलू शकले असते. शब्द कुणीच नोंदलेले नव्हते, सासूबाईंनीसुद्धा नाहीत.

"बघतेय, असं म्हणायचे," मी म्हणाले.

निकाल सभ्य भाषेत होता. माझ्या दुःखाची त्यात दखल घेतली होती. घर ऑगस्टअखेर सोडायचं होतं.

*

वस्तू फार नव्हत्या. पुस्तकं शाळेच्या तळघरात ठेवायला परवानगी मिळाली. मला ब्रेडाच्याही पलीकडे, एका बाईच्या घरातली मागची खोली मिळाली आहे. तिथं स्वयंपाकघर वापरायचं नाही, असं ठरलं आहे. काठवट मी वर्तमानपत्रात गुंडाळून कपड्यांच्या बॅगेत तळाशी घातली, आणि ती कशासाठी नेते आहे याचा विचार केला नाही.

शेवटच्या सकाळी वाउटर आला. सुट्टी टाकून दुसऱ्याला पाठवायचं त्याच्या मनात होतं, तो म्हणाला, पण ते त्याला बरं वाटलं नाही.

"काय करायचं असतं?" मी विचारलं.

"भाडेकरू गेला की त्याचं जे काही पेटीत आहे ते सगळं पुसायचं. तसा कायदाच आहे. पण एखाद्याला पुसायचं तर आधी त्याला नीट ओळखायला हवं, नाहीतर काही कण मागे राहतात. म्हणून तू शेवटचं एकदा घरात चालायचं, जिना चढायचा-उतरायचा, नेहमीच्या जागी बसायचं. थोडं बोलायचं. बोलण्याचीही कंपनं जमिनीत जातात."

"आणि आईचं?"

"व्यक्ती पहिली निकाल लागला त्याच दिवशी पुसली गेली. गेलेल्या माणसाचं, तंटा मिटला की लगेच पुसतात."

मी मान हलवली. रिकाम्या घरात चालले. जिना चढले, उतरले. प्रत्येक पावलाबरोबर मी थोडी थोडी नाहीशी होत होते, आणि खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. स्वयंपाकघरात आले. भिंतीवर आईच्या कॅलेंडरचा फिका चौकोन, ओट्याखाली बुटक्या स्टुलाचे तीन पाय उमटलेले.

वाउटर पेटीशी वाकला होता. "एक गोष्ट सांगू का," तो पाठमोराच म्हणाला. "सांगावी की नको, कळत नाही."

"सांग."

"यंत्रांच्या नोंदी पुसत नाहीत. त्या कुणा माणसाच्या धरत नाहीत ना, इमारतीच्या धरतात. नव्या भाडेकरूंसाठी तुलनेला लागतात. घर उभं आहे तोवर राहतात." त्यानं शिंक आवरली. "म्हणजे ते... ओट्याजवळचं यंत्र. ते इथंच राहील."

मी ओट्याकडे पाहत राहिले. त्या तंबूतल्या बाईला हे घर मिळेल, किंवा तिच्यासारख्या आणखी कुणाला. संध्याकाळी ते सहा वाजता एकदम जेवायला बसतील. त्यांची पावलं वेगळी काढताना पेटी रोज एक जुना ठोका आठवून पाहील आणि म्हणेल, आज ते यंत्र चालू नाही. पुन्हा चालू नाही. आणि मी या घरात कधीकाळी राहिले होते, हे तिला ठाऊकही नसेल.

"बस आता," वाउटर म्हणाला. "तुझ्या जागी."

टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती. जिथं माझी खुर्ची असायची तिथं मी जमिनीवर बसले, ओट्याकडे तोंड करून.

"काय बोलू?"

"काहीही. कुठल्याही भाषेत. तिला शब्द कळत नाहीत." तो उठला, दाराबाहेर गेला, जिन्यात जाऊन उभा राहिला.

खालून कोरच्या दुकानाचं शटर उघडल्याचा आवाज आला. मी मांडी घातली. मग घसा साफ केला.

"आई," मी म्हणाले. आवाज रिकाम्या भिंतींवरून परत आला, म्हणून जरा हळू म्हणाले. "आई, मी घर बघत नव्हते. कितीतरी वर्षं बघितलंच नाही. मी तुझ्यापायी अडकले नव्हते गं. मला इथंच यायचं असायचं, रोज, शाळा सुटली की. खाली दार उघडलं की तुझा आवाज यायचा, थप थप, आणि वाटायचं, आलो आपण घरी. दुसरं घर मला नकोच होतं. तुला सांगितलं नाही. वाटलं, तुला माहीत असेल." मग श्वास घेतला. "आता पुरे, आई. माझं पोट भरलं. तवा उतरव. इकडं ये, माझ्याजवळ बस. आज आधी तू जेव."